लातूरच्या उन्हातली फुलबाग

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि गल्लीत टँकर शिरला की घागरींची रांग. अशा दिवसांत फुलझाडांना प्यायचं पाणी घालायला हात धजत नव्हता. तांदूळ-भाज्या धुतलेलं आणि भांडी विसळलेलं जे काही उरेल तेवढंच बागेला जायचं. मृगाचा पाऊस पडल्यावर हजेरी घेतली. गुलाब सगळे गेले होते, जास्वंद गेली होती, अनंताची नुसती काटकी उरली होती. कण्हेर, बोगनवेल, देवचाफा आणि जुना मोगरा मात्र जागेवर होते. तेव्हापासून रोपवाटिकेत गेले की आधी ती हजेरी आठवते, मग पर्समध्ये हात घालते.

पुढची माहिती लातूर, बीड, सोलापूर, अकोला अशा कोरड्या उन्हाळ्याच्या गावांसाठी आहे. कोकणात ऊन असतं तशी हवेत ओलही असते, तिथलं गणित वेगळं.

उन्हाळा म्हणजे झाडांची झोप

थंड देशांत झाडं हिवाळ्यात थांबतात. आपल्याकडे ती थांबतात एप्रिल-मेमध्ये. पारा चाळिशीपार गेला की बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दुपारभर मिटून घेतात. छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवाही आत जात नाही, म्हणजे अन्न तयार होणं मंदावतं आणि वाढ खुंटते. झाड आजारी नसतं, दम धरून बसलेलं असतं.

हे लक्षात आलं की उन्हाळ्यातल्या निम्म्या चुका टळतात. झाड वाढत नाही म्हणून खत घालायचं नाही. रासायनिक खताचे क्षार कोरड्या मातीत मुळांजवळचं पाणीच ओढून घेतात आणि पानांच्या कडा करपतात. मार्चपासून पावसापर्यंत छाटणी नको, कुंडी बदलणं नको, नवी लागवडही नको. रोपवाटिकेत मे महिन्यात फुललेलं गुलाबाचं रोप दिसलं तरी ते जूनमध्येच आणावं. ते तिथं हिरव्या नेटखाली, दिवसातून दोनदा पाणी पिऊन फुललेलं असतं. आपल्या अंगणात त्याला चार दिवसांत खरं काय ते कळतं.

तेवढीच महत्त्वाची गोष्ट दुपारच्या माना टाकण्याची. दोन वाजता जास्वंदीची पानं लोंबतात ती दर वेळी तहानेनंच असं नाही. मुळांना ओढता येतं त्यापेक्षा पानांतून जास्त पाणी उडत असतं, एवढंच. संध्याकाळी पुन्हा बघावं. पानं सावरली असतील तर पाणी नको. सकाळी सहालाही ती लोंबलेलीच असतील तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे, किंवा पाणी जास्त होऊन मुळं सडताहेत. दोन्हींत पान दिसतं सारखंच, म्हणून मातीत बोट खुपसल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही. पहिल्या वर्षी मी लोंबलेली जास्वंद दिसली की तांब्या ओतत होते. दुपारी एक, तीनला एक. मे संपायच्या आत ती गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि लिबलिबीत.

पाण्याचा हिशेब

शेतकऱ्यांचा हिशेब घरच्या बागेलाही लागू पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मराठवाड्यात मेच्या कडक दिवसात उघड्या भांड्यातून रोज दहा मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाणी उडून जातं. मोगऱ्याचं आळं दोन फूट रुंद धरलं तर त्याचं क्षेत्र पाव चौरस मीटरहून थोडं जास्त भरतं. म्हणजे रोज साधारण तीन लिटरची गरज. आता हे तीन लिटर रोज घालायचे की चार दिवसांनी बारा?

चार दिवसांनी बारा. रोजचं थोडं पाणी वरच्या दोन बोटं मातीतच राहतं आणि दुपारपर्यंत उडून जातं. मुळंही मग त्या दोन बोटांतच पसरतात, म्हणजे नेमकी जिथं माती सगळ्यात जास्त तापते तिथं. सावकाश ओतलेलं बारा लिटर पाणी हातभर खाली उतरतं आणि मुळं त्याच्या मागं जातात. पाणी घालून दोन तासांनी सळई खुपसून पाहावी. ओल असते तिथवर ती सहज जाते, पुढं अडते.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. रात्री पाणी घातलं की बुरशी येते असं सांगतात, ते पावसाळ्यात आणि दमट हवेत खरं. आपल्या कोरड्या मे महिन्यात संध्याकाळचं पाणी उलट जास्त मानवतं, कारण रात्रभर ते झाडाच्या वाट्याला येतं. पाणी आळ्यात घालायचं, पानांवर नाही.

पाणी घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरची माती खुरप्यानं बोटभर हलवून ठेवावी. कोळपणीला शेतकरी अर्धं पाणी मानतात ते उगाच नाही. खालून वर चढणाऱ्या ओलीची वाट त्या मोकळ्या थरानं तुटते. वर पाचट, गव्हाचा भुसा, नारळाच्या शेंड्या किंवा अंगणातला पालापाचोळा चार बोटं जाड अंथरला तर पाण्याच्या पाळीत एक-दोन दिवसांचं अंतर वाढतं. फक्त हे आच्छादन खोडाला टेकू द्यायचं नाही. वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर वाळलेल्या काडीवर आलेली वाळवी तिथूनच खोडात शिरते. आळ्यात मूठभर निंबोळी पेंड टाकलेली बरी.

पुरलेला माठ

गावाला चार दिवस जायचं असेल तर याच्यासारखा गडी नाही. चार-पाच लिटरचं, रंग न दिलेलं मातीचं मडकं झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. झाकण डासांसाठी आणि पाणी उडू नये म्हणूनही. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं ते भोवतालच्या मातीला हवं तेवढंच. माती ओली असली की पाझर मंदावतो, सुकली की वाढतो. नळ नाही, वीज नाही, टायमर नाही.

मडकं निवडताना एक परीक्षा करायची. पाणी भरून अर्धा तास ठेवायचं, बाहेरून हात लावल्यावर ओलसर लागलं पाहिजे. मी पहिल्यांदा काटकसर म्हणून स्वयंपाकघरातला जुना माठ पुरला. पाणी गार होत नाही म्हणून तो बाजूला काढलेला होता. आठ दिवस झाले तरी त्यातलं पाणी तसूभर खाली जाईना आणि शेजारची शेवंती वाळत चाललेली. आत्यानं बघितलं आणि म्हणाली, "अगं, तो गार का करत नव्हता? त्याची भोकं बुजलीत म्हणूनच ना! मग तुझ्या झाडाला कुठून पाजणार?" बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्यानं मडक्याचं अंग भरून जातं. बागेतली मडकीही त्यामुळं एक-दोन वर्षांनी बदलावी लागतात.

कुठलं पाणी चालतं

भाज्या, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी बिनधास्त घालावं. एसीच्या नळीतून थेंबथेंब पडणारं पाणी तर पावसाच्या पाण्यासारखंच, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी त्याखाली बादली ठेवते. भांडी विसळल्याचं शेवटचं पाणी चालतं, पहिलं फेसाळ नको. वॉशिंग मशीनचं पाणी काळ्या मातीला वाईट, कारण पावडरीतल्या सोडियमनं माती चिकट होते आणि पाणी मुरेनासं होतं. कण्हेर आणि बोगनवेल हे पाणी अधूनमधून सोसतात. शेवंती-गुलाबाला ते दाखवूसुद्धा नये.

फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात मुळातल्यापेक्षा जास्त क्षार असतात. मूळ पाणी नळाचं गोडं असेल तर साध्या पाण्यात निम्मंनिम्म मिसळून चालतं, बोअरचं असेल तर नको.

आणि कूलर. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघर कूलर घरघरतो आणि आठवड्याला टाकी रिकामी करून कोरडी करायची असते, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. ते पाणी फेकवत नाही म्हणून सगळे ते बागेत ओततात. पण कूलर हवेत सोडतो ते निव्वळ पाणी, क्षार सगळे टाकीतच राहतात. वरून भर घालत राहिलं की आठवड्याअखेर तळाशी उरतो तो जवळपास खारा काढा. वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी पुटं चढतात ती याचीच. हे पाणी अंगण धुवायला वापरावं. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर किंवा मातीवर तसलीच पांढरी पावडर दिसू लागली तर क्षार साठलेत असं समजावं आणि पहिल्या दमदार पावसात ती कुंडी उघड्यावर ठेवून खालपर्यंत धुऊन निघू द्यावी.

काळी माती आणि कुंड्या

काळी माती पाणी खूप धरते, पण सहज सोडत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात आणि खोलवरची ओलही उघडी पडते. भेग दिसली की भुसभुशीत माती आणि शेणखतानं ती बुजवायची, पाणी ओतून नव्हे. ओतलेलं पाणी सरळ पाताळात जातं. नवा खड्डा भरताना निम्मी काळी माती, पाव भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि पाव भाग कुजलेलं शेणखत असं मी घालते.

रोपवाटिकेतली कलमं पुष्कळदा लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच पुरला तर उन्हाळ्यात विटेसारखा घट्ट होतो आणि भोवतालची माती ओली असूनही आत मुळं कोरडी राहतात. म्हणून लावायच्या आधी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून बाहेरची माती हळूच सुटू द्यावी.

कुंड्यांचं दुखणं वेगळं. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात चटका बसण्याइतकी तापते. मातीची कुंडी स्वतः पाझरून गार राहते, पण त्यासाठी पाणीही तीच पिते. गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून मांडाव्यात, मोठ्या बाहेरून, लहान आत.

कोकोपीटवाल्या कुंड्या एकदा पूर्ण वाळल्या की एक फसवणूक होते. वरून पाणी ओतलं की लगेच खालच्या भोकातून धार लागते आणि आपल्याला वाटतं, झालं पोटभर. खरं तर मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेला असतो आणि पाणी त्या फटीतून निसटतं. अशी कुंडी घमेल्यात पाणी घेऊन त्यात अर्धा तास ठेवावी. वर बुडबुडे येत राहतात. ते थांबले की आतपर्यंत पाणी पोचलं.

सावली

सकाळचं ऊन फुलझाडांना हवं असतं, मारतं ते बारा ते पाचचं. म्हणून आडोसा पश्चिमेला पाहिजे. पन्नास टक्के सावलीची हिरवी नेट पुरते. त्याहून दाट लावली तर झाडं उंच, फिकट होतात आणि फुलं धरत नाहीत. नेट झाडाच्या डोक्यापासून हातभर वर बांधावी, म्हणजे खालून वारा खेळतो. नेट नसेल तर जुनी सुती साडीही चालते, आमच्याकडे दोन उन्हाळे तीच होती. झळांसाठी कुंपणाला तुरीच्या काड्यांची ताटी बांधली की खालची झाडं निम्मी वाचतात.

मोगरा

सगळ्या बागेत एकच झाड लावायचं असेल तर मी मोगरा सांगेन. बाकीचे थकलेले असतात तेव्हा हा फुलतो. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत हंगाम, आणि ऊन जेवढं लख्ख तेवढी कळी टपोरी. सावलीत लावलेला मोगरा नुसता पानांचा पसारा वाढवतो.

त्याची तयारी थंडीतच करावी लागते. डाळिंब-मोसंबीला बहार धरायला ताण देतात तसाच ताण मोगऱ्यालाही द्यायचा. डिसेंबरअखेरपासून दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळू लागली तर घाबरायचं नाही. जानेवारीच्या शेवटी फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं ओरबाडून काढायची, आळं उकरून दोन-तीन दिवस मुळांना हवा लागू द्यायची. मग दोन घमेली शेणखत आणि भरपूर पाणी. फुटलेल्या नव्या काडीच्या शेंड्यावरच कळी येते, जुन्या काडीवर नाही. म्हणून ज्यांना कात्री लावायचा जीव होत नाही त्यांचा मोगरा पाच वर्षांनीही मूठभरच फुलं देतो.

कळी हिरवटपणा जाऊन पांढरीशुभ्र, फुगीर पण मिटलेली असते तेव्हा, म्हणजे दुपार टळल्यावर, खुडायची. ओल्या पंचात गुंडाळून ठेवली की रात्री जेवणं होईपर्यंत उमलते. उरलेल्या दोन कळ्या माठात.

काही कळ्या जांभळट पडून वाळतात आणि त्यांना बारीक भोक दिसतं. ती कळी पोखरणाऱ्या अळीची खूण. अशा कळ्या झाडाखाली न टाकता गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. चुनखडीच्या जमिनीत मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. माती आम्लारी असल्यानं जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही, म्हणून नुसतं हिराकस मातीत टाकून उपयोग कमी. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावं.

बाकीची मंडळी

कण्हेर तहान सोसणारी, कारण तिच्या पानांची छिद्रं मागच्या बाजूला बारीक खळग्यांत, लवेच्या आड दडलेली असतात. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांवर ती दिसते. सगळं झाड विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर नकोच.

बोगनवेलीचा रंग फुलांचा नसतो, फुलाभोवतीच्या कागदी पानांचा असतो. खरं फूल आत, इवलंसं पांढरं. तिला पाणी कमी पडलं की ती रंगते, जास्त मिळालं की हिरवी होऊन बसते. फुलत नाही म्हणून आणखी पाणी घालणारे लोक मी बरेच पाहिलेत. देवचाफा निष्पर्ण फांद्यांवर फुलतो आणि फांदीतल्या चिकावर दिवस काढतो. त्याची फांदी कापून आठवडाभर सावलीत वाळवली आणि मग लावली तरच जगते, ओली लावली तर सडते.

सदाफुली मूळची मादागास्करची. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध तिच्यातूनच मिळालं. आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं, लाड केले की मरते. चिनी गुलाब गच्चीसाठी उत्तम. सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की उमलतो, म्हणून त्याला ऑफिस टाइमही म्हणतात.

शेवंती उन्हाळ्यात फुलवायचा प्रयत्न करू नये. तिला कळी धरायला लांब रात्री लागतात, फुलं दसरा-दिवाळीपासून पुढं. फुलं सरली की वीतभर उंचीवर कापून, बुडातल्या काश्या सावलीत जगवायच्या आणि जूनमध्ये सुट्या करून लावायच्या. देशी गुलाबाला पश्चिमेची सावली आणि आच्छादन मिळालं तर तो तग धरतो. त्या दिवसांत आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात, तशाही त्या करपलेल्याच उमलतात. गुलबक्षी आणि निशिगंध वाळले तर वाळू द्यावेत. जमिनीत गड्डे असतात.

लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण

कोरड्या उन्हात गुलाब, मोगरा, झेंडूची पानं धुळकट, फिकट ठिपक्यांची दिसू लागली आणि पानामागं बारीक जाळी असली तर तो लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की लालसर ठिपके चालताना दिसतात. हा किडा नव्हे, आठ पायांचा कोळी आहे, त्यामुळं साधी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. पानांच्या मागच्या बाजूनं सकाळी फवारणी पंपानं साध्या पाण्याचा जोरदार फवारा, लागोपाठ चार-पाच दिवस, एवढ्यानं तो आटोक्यात येतो. गंधक मारायचा सल्ला मिळेल. थंडीत तो ठीक, पण कडक उन्हात गंधकानं पानंच भाजतात. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढावं आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती तोडावी. मुंग्याच त्याला फांदीफांदीवर नेऊन सोडतात.

वळीव आल्यावर

मेमध्ये एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, कधी गारांसह. मातीचा वास सुटतो आणि आपण लगेच खुरपं शोधू लागतो. घाई करू नये. वरची चार बोटं भिजतात, खाली माती तापलेलीच असते. गारांनी फाटलेली पानंही लगेच काढू नयेत, फाटकं पानसुद्धा सावली देतं. मृग लागल्यावर दोन-तीन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की मग छाटणी, खत, कुंड्या बदलणं, नवी रोपं, सगळं एकदम करता येतं. नेट एखाद्या ढगाळ दिवशी काढावी. आच्छादन खोडापासून आणखी मागं सारावं, कारण जे उन्हाळ्यात ओल धरत होतं तेच पावसाळ्यात बुरशी धरतं. पुरलेली मडकी रिकामी करून पालथी घालावी.

आणि जिथं काही दिसत नाही तिथं लगेच खणू नये. मागच्या जूनमध्ये मी भिंतीकडेची मोकळी जागा बघून तिथं कण्हेरीची मोठी कुंडी नेऊन ठेवली. आठवड्यानं कुंडीच्या चारी बाजूंनी गुलबक्षीचे गुलाबी कोंब तिरपे होऊन बाहेर आले होते.